मॅकबेथवरच्या सिनेमाचा रिव्ह्यू लिहायचाय? मग आधी एवढं करा

जुन्या गाजलेल्या नाटकावरून सिनेमा आला की रिव्ह्यूंचा पाऊस पडतो आणि त्यातल्या निम्म्यांत दोनच वाक्यं फिरून फिरून दिसतात, एक "मूळ नाटकाची सर नाही" आणि दुसरं "कलाकृतीला पुरेपूर न्याय दिलाय". सर का नाही ते कोणी सांगत नाही, न्याय दिला म्हणजे नेमकं काय केलं तेही नाही, वाचणाऱ्याच्या हाती काय लागलं? काहीच नाही. म्हणून नवीन लिहिणाऱ्यांसाठी हे लिहितेय, आणि सरळ एकच नाटक घेऊन लिहिते म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. मॅकबेथ घेऊ, म्हणजे चेटकिणींचं भाकीत ऐकून आणि बायकोच्या आग्रहाने राजा डंकनला मारून गादी मिळवणाऱ्या स्कॉटिश सरदाराची गोष्ट.

मॅकबेथच का, तर एकतर शेक्सपियरच्या शोकांतिकांमधलं ते सगळ्यात छोटं, हॅम्लेटच्या जवळपास अर्ध्याएवढं, त्यामुळे "वाचायला वेळ नाही" ही सबब चालत नाही. दुसरं म्हणजे त्यावरचे सिनेमे इतके वेगवेगळे आहेत की तुलना करायला मजा येते. कुरोसावाचा 'थ्रोन ऑफ ब्लड' (१९५७), पोलान्स्कीचा 'मॅकबेथ' (१९७१), आपल्या मुंबईत घडणारा विशाल भारद्वाजचा 'मकबूल' (२००३), जस्टिन कर्झेलचा 'मॅकबेथ' (२०१५) आणि जोएल कोएनचा कृष्णधवल 'द ट्रॅजेडी ऑफ मॅकबेथ' (२०२१). एक जपानचा, एक मुंबईच्या अंडरवर्ल्डचा, तीन इंग्रजी. पाचही बघायची गरज नाही, ज्यावर लिहिताय तो आणि सोबत आणखी एक, एवढं पुरे. आणि हो, शेवट फोडला म्हणून ओरडू नका, नाटक १६०६ च्या आसपासचं आहे.

आधी नाटक वाचा, आणि रिकाम्या जागा शोधा

हे टाळून चालणारच नाही. यूट्यूबवरचा दहा मिनिटांचा सारांश म्हणजे नाटक नव्हे. मूळ इंग्रजी जड जात असेल तर टिपांसकटची शाळा-कॉलेजची प्रत घ्या, आणि मराठीतून आधी गोष्ट अंगात मुरवायची असेल तर शिरवाडकरांचा 'राजमुकुट' मिळवा, ते मॅकबेथचंच मराठी रूप आहे. मोठ्याने वाचलंत तर फारच छान, घरातले विचित्र नजरेने बघतील तेवढं सहन करा.

पण वाचताना नुसती गोष्ट वाचू नका. पेन्सिल हातात ठेवा आणि नाटककाराने जे दाखवलं नाहीये किंवा अर्धवट सांगून सोडून दिलंय तिथे खुणा करा, कारण सिनेमावाल्याला त्या प्रत्येक ठिकाणी काहीतरी ठरवावंच लागतं. राजा डंकनचा खून रंगमंचावर होतच नाही, मॅकबेथ आत जातो आणि रक्ताळलेले खंजीर घेऊन बाहेर येतो. लेडी मॅकबेथ मरते तीही आत, आपल्याला फक्त बायकांचा आक्रोश ऐकू येतो आणि मग कोणीतरी येऊन सांगतं की राणीसाहेब गेल्या. ती एकदा म्हणते की मी मूल अंगावर पाजलंय, पण ते मूल कुठे, जगलं का मेलं, कोणाचं होतं, अख्ख्या नाटकात एक शब्द नाही. चेटकिणी त्याला राजा होशील म्हणतात पण खून कर असं कुठेही म्हणत नाहीत. नवशिक्यांनी एवढ्या चार खुणा केल्या तरी रिव्ह्यूचं अर्धं काम झालं असं मी म्हणेन, कारण मग सिनेमा बघताना तुम्ही "नाटकासारखं आहे का" असं न विचारता "या जागेचं यांनी काय केलं" असं विचारायला लागता.

दोनदा बघा

पहिल्यांदा वही-पेन लांब ठेवून, मोबाइलही लांब. बघून झाल्यावर मनात कुठले दोन-तीन सीन राहिलेत ते फक्त लिहून ठेवा. दुसऱ्यांदा रिमोट हातात घेऊन. तेव्हा कागदावर तीन रकाने पाडा, काय गाळलं, काय घातलं, काय इकडचं तिकडे हलवलं, आणि शेजारी मिनिट लिहा म्हणजे नंतर तपासता येतं. गाळलंय म्हणून चिडायचं नाही, पोलान्स्कीचा सिनेमा १४० मिनिटांचा आणि कोएनचा १०५, प्रत्येकानेच कात्री लावलीय. प्रश्न असा की ती कात्री लागल्यामुळे काय बदललं.

उदाहरण देते. खून झाल्यावर नाटकात दरवाजा वाजायला लागतो आणि दारुडा पहारेकरी बडबड करत, विनोद करत दार उघडायला येतो. कर्झेलने हा माणूसच काढून टाकलाय, कोएनने ठेवलाय. वरवर बघता एक फालतू विनोदी तुकडा, गेला तर गेला, पण कर्झेलचा सिनेमा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच सुरात, धुक्यात आणि कुजबुजीत चालत राहतो आणि मधेच कुठे श्वास घ्यायला जागा नाही असं जे वाटत राहतं त्याचं एक कारण हे आहे. आता हे वाक्य रिव्ह्यूत आलं तर ते "सिनेमा थोडा संथ वाटतो" यापेक्षा किती वजनदार आहे बघा.

खुनाचा सीन सगळ्यात आधी तपासा

इथे मी थोडी रेंगाळणार आहे कारण एवढ्या एका सीनवर आख्खा रिव्ह्यू उभा राहू शकतो.

रंगमंचावर खून पडद्याआड झाला. सिनेमात तर काहीही दाखवता येतं, मग दाखवायचं का? पोलान्स्की दाखवतो. त्याच्या सिनेमात झोपलेला डंकन डोळे उघडतो, समोर मॅकबेथला बघतो आणि मग वार होतो. म्हणजे मॅकबेथला मागे फिरायची संधी होती, नजरानजर झाली आणि आता पर्याय उरला नाही म्हणून हात चालला, असा एक नवाच अर्थ त्यात आला जो नाटकात नाही. कोएनही दाखवतो. 'मकबूल'मध्ये तर निम्मी (इथली लेडी मॅकबेथ, डॉन अब्बाजीची रखेल आणि मकबूलची प्रेयसी) त्याच बिछान्यात अब्बाजीच्या, म्हणजे इथल्या डंकनच्या, शेजारी आहे, त्यामुळे खून हा राजकारणाचा राहतच नाही, घरातला होतो.

आणि कुरोसावा? तो दाखवतच नाही. वॉशिझू (त्याचा मॅकबेथ) भाला घेऊन आत जातो आणि कॅमेरा त्याच्या मागे न जाता खोलीत बसलेल्या त्याच्या बायकोपाशी, आसाजीपाशी थांबतो. बोलणं नाही. ती बसलेली, मग उठते, मग येरझाऱ्या, आणि मग तो परत येतो तेव्हा हातातला भाला त्याला सोडवतच नाहीये, ती त्याची बोटं उघडून काढून घेते. चाळीस-पन्नास सेकंदांत रक्त उडवून जे झालं नसतं ते त्या न सुटणाऱ्या मुठीने होतं असं माझं मत. तुमचं मत उलटं असू शकतं, पोलान्स्कीचं उघडं-नागडं दाखवणंच जास्त प्रामाणिक आहे असंही म्हणता येईल आणि तो मुद्दा लंगडा नाही, फक्त कुठल्या बाजूने बोलताय ते सीन सांगून बोला.

मग मुलाचं काय केलंय ते बघा

हा माझा आवडता चाचणी-प्रश्न आहे आणि शंभरातल्या नव्वद नवख्यांच्या तो लक्षातच येत नाही. मॅकबेथला वारस नाही. चेटकिणी सांगतात की तू राजा होशील पण पुढचे राजे तुझा मित्र बँको याच्या वंशातले, म्हणजे एवढं पाप करून गादी शेवटी दुसऱ्याच्या पोरांना. आणि बायको म्हणते मी मूल पाजलंय. हे कोडं नाटकाने सोडवलेलं नाही पण प्रत्येक दिग्दर्शक आपापलं उत्तर देतो आणि त्या उत्तरातून त्याच्या डोक्यात कुठलं मॅकबेथ आहे ते लगेच कळतं.

कर्झेलचा सिनेमा सुरूच होतो लहान मुलाच्या अंत्यविधीने. पहिल्या मिनिटात उत्तर. आता पुढचं सगळं, राज्याची हाव वगैरे, हे दुःखाने पोखरलेल्या आईबापांचं वागणं म्हणून दिसायला लागतं, आणि शेवटी झोपेत चालण्याचा जो प्रसिद्ध प्रवेश आहे त्यात लेडी मॅकबेथ झालेली मारियों कोतियार चालतही नाही, एका जागी बसून एका लहानग्याशी बोलते. कुरोसावाची आसाजी आधी सांगते की मला दिवस गेलेत, त्यामुळे वॉशिझू मित्राच्या मुलाला वारस करण्याचा बेत सोडतो, आणि पुढे तिला मेलेलं मूल होतं. म्हणजे एक सबंध खून त्या न जन्मलेल्या मुलापायी. 'मकबूल'मध्ये निम्मीला मूल होतं आणि ते जगतं, पण बाप मकबूल की अब्बाजी हा संशय काही जात नाही, आणि शेवटी मकबूल हॉस्पिटलात जातो तेव्हा ते बाळ अब्बाजीची मुलगी समीरा आणि तिचा जोडीदार गुड्डू यांच्या हातात बघून बंदूक टाकून देतो. इरफानचा तो चेहरा बघा आणि मग सांगा की मूळ नाटकात नसलेला सीन घातला म्हणून काय बिघडलं. मला तर तिथे भारद्वाजने नाटकाच्या पुढे जाऊन काहीतरी सांगितलं असं वाटतं.

कोएनच्या सिनेमात कोणी काही बोलत नाही पण त्याने नटच असे घेतलेत, डेंझेल वॉशिंग्टन आणि फ्रान्सिस मॅकडॉरमंड, दोघंही साठीच्या पुढचे. मूल होण्याचं वय केव्हाच मागे पडलंय, ही शेवटची गाडी आहे आणि ती चुकली तर पुन्हा नाही, असं न सांगता कळतं. याउलट पोलान्स्कीचं जोडपं तरुण आणि देखणं, त्यांची हाव म्हणजे नुकतं जग जिंकायला निघालेल्यांची हाव. बघा, नुसत्या कास्टिंगवरून दोन परिच्छेद लिहिता येतात आणि "दोघांनीही दमदार अभिनय केलाय" असं लिहावंच लागत नाही.

चेटकिणी आणि जंगल, पटकन

यावर फार वेळ घालवू नका, सगळेच यावर लिहितात. तरी दोन गोष्टी टिपा. भविष्य सांगणारे नुसतं सांगतात की घडवूनही आणतात? 'मकबूल'मधले ओम पुरी आणि नसीरुद्दीन शाह हे पोलीस आहेत, कुंडली मांडतात आणि ती खरी व्हावी म्हणून हातभारही लावतात, मग मकबूलचा दोष किती उरला? कोएनने तिघींचं काम एकट्या कॅथरिन हंटरला दिलंय आणि तिने शरीर असं काही पिळलंय की ग्राफिक्सची गरज पडलेली नाही. दुसरं, बर्नमचं जंगल चालून आल्याशिवाय मॅकबेथ हरणार नाही असं भाकीत असतं, ते जंगल चालून येतं ते कसं दाखवलंय. नाटकात सैनिक फांद्या धरून येतात, कर्झेल जंगल पेटवून देतो आणि राख उडत येते, 'मकबूल'मध्ये भाकीतच बदललंय, समुद्र घरापर्यंत येईल असं, बरोबरच आहे, मुंबईत जंगल आणणार कुठून.

स्वगताचं काय झालं

नाटकातला माणूस थेट प्रेक्षकांकडे वळून मनातलं बोलतो आणि आपल्याला ते खटकत नाही. कॅमेऱ्यासमोर तेच केलं तर बऱ्याचदा विचित्र वाटतं. म्हणून प्रत्येक स्वगताच्या वेळी बघा, ओठ हलतायत की नुसता आवाज येतोय, कोणाला उद्देशून बोलतोय, की काढूनच टाकलंय. पोलान्स्कीने बरीच स्वगतं मनातल्या आवाजात टाकली, त्यामुळे माणूस जेवणाच्या पंगतीत बसून खुनाचा विचार करू शकतो आणि शेजारच्याला पत्ता नाही. बायको गेल्यावरचं ते 'उद्या, उद्या, आणि उद्या' भाषण कर्झेलचा मॅकबेथ, मायकेल फासबेंडर, तिचं प्रेत उचलून बोलतो. नाटकात तिथे प्रेत नाही, नुसती बातमी आहे, आणि त्या कोरडेपणातच सगळं होतं असं मानणाऱ्यांना हे जरा जास्तच भिजलेलं वाटेल, मला वाटलं. खुनाआधी मॅकबेथला हवेत दिसणारा खंजीर कोएनने लांबलचक कॉरिडॉरच्या टोकाशी असलेल्या दाराची मूठ करून टाकलाय, चालत जवळ जाईपर्यंत कळत नाही, आणि मूठ धरली की दार उघडतं, म्हणजे आता आत जाणं आलंच. कुरोसावाने तर शेक्सपियरची एक ओळसुद्धा वापरलेली नाही, आणि तरी अनेकजण त्यालाच सर्वात चांगला मॅकबेथ मानतात, यावर विचार करा.

मराठीत हाच प्रश्न 'नटसम्राट'ला आला होता. शिरवाडकरांचं नाटक १९७० चं, सिनेमा २०१६ चा. स्वगतं मोठमोठी, लोकांना पाठ, काढली तर लोक खवळणार. सिनेमात विक्रम गोखल्यांचा रामभाऊ आणला, दुसरा म्हातारा नट, म्हणजे गणपतरावांना समोर बोलायला तोडीचा माणूस मिळाला. हा बदल आवडला की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं पण रिव्ह्यू लिहिणाऱ्याने तो का केला असेल एवढं तरी विचारायला हवं होतं, त्याऐवजी बहुतेकांनी नाना पाटेकर मोठे की डॉ. लागू मोठे यातच जागा घालवली.

शोकांतिका उरलीय का

हे शेवटी तपासा. मॅकबेथ खुनी आहे, पुढे तर बायकापोरांनाही मारतो, मग त्याच्याबद्दल वाईट का वाटायचं? कारण खून करण्याआधी तो स्वतःच सगळी कारणं मोजतो, हा माझा नातलग, माझा राजा, आज माझ्या घरचा पाहुणा, आणि राजा म्हणूनही चांगला, मारायला एकही कारण नाही माझ्या हावेशिवाय. त्याला कळतं. कळूनही करतो. सिनेमाने हे भाषण कापलं किंवा घाईत उरकलं तर उरतो तो नुसता व्हिलन आणि मारामारी, आणि ते शोकांतिकेचं नाव घेऊन केलेलं गँगस्टर-नाट्य होतं. 'मकबूल'मध्ये ते भाषण नाही, पण अब्बाजीचं आणि त्याचं बापलेकासारखं नातं उभं करायला भारद्वाज भरपूर वेळ देतो, अब्बाजी झालेले पंकज कपूर ते एवढं भारी करतात की खुनाआधीच आपल्या पोटात गोळा येतो. भाषण गेलं पण काम झालं. असं कुठे झालंय, कुठे नाही, तेवढं पकडा.

आता लिहायला बसा

कथा पाच-सहा ओळींत संपवा, त्यापेक्षा जास्त नको, लोकांना विकिपीडिया वाचता येतो. सुरुवात शेक्सपियरच्या जन्मापासून करू नका. तुमच्या तीन रकान्यांतला एकच, सगळ्यात मोठा निर्णय निवडा आणि तिथून सुरू करा, बाकीचं त्याला जोडून येऊ द्या, न जोडलं जाणारं सोडून द्या, कितीही हुशारीचं वाटत असलं तरी.

वाक्य कसं बदलायचं ते दाखवते. "छायाचित्रण अप्रतिम आहे आणि सेट भव्य आहेत" हे कुठल्याही सिनेमाबद्दल चालतं. त्याऐवजी असं बघा: "कोएनने सगळा सिनेमा स्टुडिओत, कृष्णधवल आणि जुन्या सिनेमांसारख्या चौकोनी फ्रेममध्ये घेतलाय, किल्ल्याच्या भिंतींवर ना चित्र ना शोभा, नुसत्या सावल्या, त्यामुळे आपण स्कॉटलंडमध्ये नाही तर एका माणसाच्या डोक्यात बसलोय असं वाटतं, आणि रंगभूमीचा रिकामेपणा त्याने असा पडद्यावर परत आणलाय." यात काय दिसलं, कसं केलं आणि त्याने काय झालं, तिन्ही आलं.

टेक्निकल शब्द माहीत नसतील तर साधं लिहा. "कॅमेरा हळूहळू तिच्या चेहऱ्याजवळ जातो" हे कोणालाही कळतं, उगाच जड शब्द फेकले की चुकण्याची शक्यताच जास्त. आवाजाबद्दल नक्की लिहा, ते कोणी लिहीत नाही, कुरोसावाच्या सिनेमात आसाजी चालते तेव्हा तिच्या रेशमी कपड्यांची जमिनीवर होणारी सळसळ ऐका म्हणजे कळेल मी काय म्हणतेय. सबटायटल्सवर बघितलं असेल तर तसं सांगून टाका आणि संवादांच्या सौंदर्याबद्दल मग जरा जपून. नटांची, पात्रांची नावं पोस्ट करण्याआधी एकदा पडताळा, वॉशिझू (मॅकबेथ) आणि मिकी (बँको) यांची अदलाबदल झालेले रिव्ह्यू मी वाचलेत.

तुलना करताना दुसरा सिनेमा एका मुद्द्यापुरता आणा, "कुरोसावाने हेच न दाखवता केलं होतं" असं, आणि लगेच परत या, नाहीतर नवीन सिनेमाचा रिव्ह्यू राहतो बाजूला आणि जुन्याचं कौतुक सुरू होतं. आणि नाटक न वाचलेल्या माणसालाही तुमचं लिखाण कळलं पाहिजे, त्यामुळे बँको, मॅकडफ अशी नावं पहिल्यांदा येतील तिथे कोण ते दोन शब्दांत सांगा.

स्टार द्यायचे का? ज्यांना द्यायचेत त्यांनी द्या, मी देत नाही. पण देणारच असाल तर आधी लिहून काढा आणि मग आकडा टाका, आधी साडेतीन ठरवून मग त्याला शोभेल असं लिहायला गेलात की खुनाच्या सीनबद्दल जे खरंच वाटलं होतं तेच नेमकं वगळलं जातं.